सिद्धम्माच्या चुकांची वही

निलंग्यात शुद्ध मराठी लिहिणारा एकच माणूस उरला आहे आणि तो आपण, याबद्दल ईश्वरप्पा बिराजदारांना निवृत्तीनंतरच्या बारा-तेरा वर्षांत कधी शंका आली नव्हती. चौतीस वर्षे त्यांनी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवले. म्हणजे, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, चौतीस वर्षे दगडांना अंघोळ घातली. निवृत्तीनंतर दगड बदलले, एवढेच. घरी लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त बघण्याआधी ते खिशातले लाल पेन काढत, आशीर्वादातला दीर्घ शी नीट करत, आप्तेष्टांचा पोटफोड्या ष जागेवर बसवत आणि तपासलेली पत्रिका ज्याची त्याला परत पाठवून देत. अलीकडे पत्रिका फारशा येत नसत. गावाला लाज वाटू लागली आहे, असा त्याचा अर्थ ते लावत.

अशा माणसाच्या घरात सिद्धम्मा पंचेचाळीस वर्षे नांदली होती. ती भालकीकडची, कानडी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचे दहा शब्द येत होते. पुढचे सगळे तिने भाजीबाजारातून आणि शेजारणींकडून उचलले, आणि ईश्वरप्पांच्या मते तिथेच टाकून यायला हवे होते. पहिल्या वर्षी एकदा ती कुठूनशी पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसली होती. "दिवसभर ढ पोरं काय कमी असतात," असे म्हणून ते कॉलेजला निघून गेले. पाटीचे पुढे काय झाले ते त्यांनी विचारले नाही. बँकेपुरती सही तेवढी ती शिकली, तीही रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी, श्वास रोखून.

तिचे डोके चालेनासे झाले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले ते चहावरून. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी ते पेपर तपासत बसले होते (वाचत नव्हे, तपासत) आणि सात वाजून गेले तरी चहा नव्हता. त्यांनी हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात आली.

"दिला की ओ. कप तुमच्या फुडंच हाय."

पुढे कप होता, हे खरे. त्याच्या तळाशी चहाचा गाळही होता. स्वतःचा चहा पिऊन रिकामा कप तिने त्यांच्यापुढे आणून ठेवला होता, हे उघड होते. इतकी लबाडी तिच्यात पूर्वी नव्हती, हे ईश्वरप्पांनी मान्य केले; पण बुद्धी जायला लागली की माणूस काहीही करतो. पुढे रोज काही ना काही घडत गेले. कपाटाची किल्ली ज्वारीच्या पिठात सापडली. एक चप्पल फ्रिजमध्ये निघाली आणि तीही ईश्वरप्पांची. म्हणजे स्वतःची वस्तू कोणती आणि नवऱ्याची कोणती, एवढाही विवेक तिला राहिला नव्हता. एका संध्याकाळी तिने त्यांना न्हाणीत गाठले आणि "सैपाकघर तिकडं हाय, इकडं कामून उभारलाव?" असे विचारले. स्वयंपाकघर कुठे आहे ते ती घरधन्याला सांगत होती. 

मुलगा दयानंद लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होता. त्याला त्यांनी फोनवर सगळे सांगितले. तो म्हणाला, "आप्पा, तुम्हीच एकदा डॉक्टरकडं दाखवून घेऊ."

ईश्वरप्पांनी फोन ठेवून दिला. 'तुम्हीच दाखवून घेऊ' हे कुठले वाक्य? कर्ता एकीकडे तोंड करून बसलेला आणि क्रियापद दुसरीकडे. ज्या मुलाला आईच्या आजाराबद्दल एक सरळ वाक्य बोलता येत नाही, त्याच्याशी काय बोलायचे?

म्हणून त्यांनी वही केली. शंभर पानी, एकरेघी. मुखपृष्ठावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'सौ. सिद्धम्माच्या चुका'. उद्या डॉक्टरपुढे बसायचे तर पुरावा हवा. रोज तारीख, वार, वेळ आणि घडलेली गोष्ट. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही. "मंगळवार, सकाळी सव्वासात. चहा दिला नाही. विचारता 'दिला' म्हणाली." "बुधवार, दुपारी एक. जेवण दिले नाही. ताट दाखवून वाद घातला." दोन आठवड्यांत अठरा पाने भरली. बायकोचा असा ऱ्हास पाहून दुसरा कुणी खचला असता. ईश्वरप्पांना मात्र पुष्कळ वर्षांनी काम मिळाल्यासारखे वाटत होते.

समोरच्या बाजूला तय्यबचे चष्म्याचे आणि घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. तीस वर्षांचा शेजार. एके दिवशी चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून ईश्वरप्पा तिथे गेले. तय्यबने चष्मा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्यांच्याकडे बघितले.

"सर, काडी कालच कसून दिली ना तुम्हाला. परवा बी दिली."

"मी काल घराबाहेर पडलो नाही, तय्यब."

"बरं." त्याने वाद घातला नाही, उगाच छोटा पेचकस फिरवल्यासारखे केले आणि चष्मा परत दिला. "भाभी लई हैराण होऊन राहिल्या, सर. परवा ऊन डोक्यावर, अन् स्टँडपर्यंत गेल्या होत्या शोधत."

"काय शोधत?"

तय्यबने खाली मान घालून काचेच्या पेटीवरची धूळ पुसली. ईश्वरप्पा घरी आले आणि वहीत लिहिले, "भर उन्हात एकटी एसटी स्टँडवर भटकते. साक्षीदार: तय्यब, शेजारी." लिहून झाल्यावर मागचे पान चाळताना त्यांची नजर अडकली.

मंगळवारच्या नोंदीखाली दोन ओळी होत्या. "दोन कप चा पिले. तिसरा मागालेत. द्यावं का न्हाई कळंना."

अक्षर त्यांचे होते. द्यच्या जोडाक्षरातले त्यांचे खास वळण होते, जे विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे गिरवूनही कुणाला साधले नव्हते. शाई त्यांच्याच पेनाची होती. पण 'न्हाई'? 'मागालेत'? असली मराठी ईश्वरप्पा बिराजदारांनी झोपेतसुद्धा लिहिली नसती. तेव्हा ती त्यांनी लिहिली नव्हती. प्रश्न मिटला. उरला प्रश्न शुद्धलेखनाचा, आणि तिथे त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. 'चा'चा चहा केला, 'पिले'चे प्यायले, 'न्हाई'चे नाही. समासात शेरा मारला: "बोलीभाषा टाळा." आणि दहापैकी दोन गुण दिले.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी वही सिद्धम्मापुढे धरली, हातात पेन दिले. "लिही."

"काय लिवू?"

"हेच. जे चोरून लिहितेस ते."

तिने पेन हातात घेतले, त्याच्याकडे बघितले आणि ते हलकेच ओट्यावर ठेवले. "साकु करा ओ आता," ती म्हणाली. म्हणजे पुरे करा. रागावली की, थकली की, तिला कानडी आठवे. "मला कुटं येतंय लिवाया? तुमालाच ठावं हाय की."

ईश्वरप्पा हसले. ढ विद्यार्थ्याचे सोंग त्यांनी चौतीस वर्षे पाहिले होते.

तिसऱ्या दिवशी नवी नोंद आली. "स्टँडवर जाऊन बसले. कुठं जायाचं ते सांगत नाहीत. कंडक्टर हसालते." यात 'नाहीत' बरोबर होते. ईश्वरप्पांनी चार गुण दिले. पुढच्या आठवड्यात 'जायाचं'चे 'जायचे' झाले, 'हसालते'चे 'हसत होते' झाले. केलेली दुरुस्ती पुन्हा करावी लागत नव्हती. असा विद्यार्थी त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. नोंदींमध्ये काय लिहिले आहे, याकडे त्यांनी कधी लक्ष दिले नाही. सगळे कुणा भ्रमिष्ट म्हाताऱ्याबद्दल होते, जो स्वतःच्या मुलाला 'अहो सर' म्हणतो, जो धोतर समजून चादर नेसतो. मजकूर सामान्य, पण प्रगती निश्चित. एका पानाला तर त्यांनी आठ गुण दिले. त्यात लिहिले होते: "आज सदऱ्याची गुंडी लावायला त्यांना तिसऱ्यांदा शिकवले. दगडाला अंघोळ घातल्यासारखे झाले." त्याखाली त्यांनी शेरा दिला, "शैली आहे." ही उपमा आपल्या तोंडातली आहे, हे त्यांना शेरा लिहून झाल्यावर आठवले, आणि मग कितीतरी वेळ ते पेनाचे टोपण लावायचे विसरून बसले.

त्यांनी वही लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यालाच बांधली आणि सदऱ्याच्या आत सोडली. नोंदी थांबल्या नाहीत. एका दुपारी जेवणानंतर डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा ते अंथरुणावर नव्हते, टेबलाशी बसलेले होते. वही उघडी होती. हातात पेन होते. समोर फरशीवर सूप घेऊन सिद्धम्मा तूर निवडत बसली होती आणि सपाट, न थांबणाऱ्या आवाजात काहीतरी बोलत होती. त्यांनी मान वर करताच ती थांबली.

"काय बोलत होतीस?"

"काई न्हाई. आपलं मनाशीच."

पानावरची शाई अजून ओली होती. आपण झोपेत असताना हिने वही हाताखाली सरकवली, पेन बोटांत अडकवले. केवढा हा कावा! वही मिटण्याआधी त्यांनी सवयीने स्वतःची सकाळची नोंद तपासली. तारीख, वार, वेळ, आणि पुढे त्यांच्याच सुंदर अक्षरात: "चहा दिला न्हाई. ती लई बदलली हाय."

त्यांनी लाल पेन उचलले. ते पानावर कुठे टेकवायचे, ते काही केल्या सुचेना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दयानंदला फोन करून सांगितले, आईला दाखवायचे आहे, आता उशीर नको. दयानंदने हो म्हटले. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हते, आणि हे ईश्वरप्पांना थोडे लागले. गुरुवारची वेळ मिळाली. तो मेंदूचा डॉक्टर लातूरच्या त्या दवाखान्यात फक्त गुरुवारी बसे.

एसटीत ईश्वरप्पा खिडकीशी बसले. वही त्यांनी पिशवीत ठेवू दिली नाही, छातीशी धरली. सिद्धम्माची परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी वाटेत चार वेळा तिला विचारले, "आपण कुठे चाललो आहोत?" चारही वेळा ती म्हणाली, "लातूरला. डाक्टरकडं." पाठ केलेले उत्तर, त्यांनी ओळखले. औशाच्या पुढे ऊस भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. सिद्धम्मा त्यांच्या पलीकडे खिडकीबाहेर बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती. किती तरी दिवसांनी बाहेर पडलेल्या बाईसारखी ती प्रत्येक शेत नीट न्याहाळत होती.

डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी व्यंकटी निघाला. बारावीला दुसऱ्या बाकावर बसायचा; 'परिस्थिती'ची पहिली वेलांटी त्याने वर्षभर चुकवली होती. त्याने उठून त्यांच्या पायांना हात लावला. दवाखान्याच्या दारात येऊन भेटलेला दयानंद बाहेरच थांबला.

"हिला दाखवायला आणले आहे," ईश्वरप्पा म्हणाले आणि वही टेबलावर ठेवली. "सगळे क्रमाने आहे. वाचता येते ना अजून?"

व्यंकटी हसला आणि वाचू लागला. आधी पाने भराभर उलटली, मग सावकाश, मग एका पानावर बराच वेळ थांबला.

"सर, ही सगळी वही तुम्हीच लिहिली?"

"अर्धी मी. अर्धी हिने."

"काकू, तुम्हाला लिहिता येतं?"

"सही येती तेवढी," सिद्धम्मा म्हणाली.

ईश्वरप्पांनी डॉक्टरकडे बघून भुवया उंचावल्या. बघ, हे असे आहे. व्यंकटीने वही मिटली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"सर, तुम्ही कथा शिकवताना एक सांगायचात. गोष्टीतला 'मी' स्वतःला वाचवून सांगत असतो. त्यानं काय सांगितलं ते कुणीही वाचेल, काय गाळलं ते शोधा."

"तुला ते तेव्हा कळले नव्हते. पेपरात भलतेच लिहिले होतेस."

"हो सर." त्याने पेन उचलले. "आज वार कोणता आहे?"

"वार विचारण्यासाठी इतकी वर्षे शिकलास?"

"सांगा ना."

"मंगळवार."

सिद्धम्माने मान खाली घातली. व्यंकटीने काहीतरी टिपून घेतले आणि कागद पुढे सरकवून एक घड्याळ काढायला सांगितले. ईश्वरप्पांना कीव आली; पण विद्यार्थ्याचे मन मोडू नये म्हणून त्यांनी काढले. गोल रेखीव आला. बारापासून सहापर्यंतचे आकडे उजव्या बाजूला व्यवस्थित बसले. डावी बाजू त्यांनी रिकामी ठेवली. शहाण्याला तेवढ्यावरून कळते. व्यंकटीने तो कागदही बाजूला ठेवला. मग त्याने सिद्धम्माला चार-पाच प्रश्न विचारले. तिने वार सांगितला, तिथी सांगितली, नातवंडांची नावे सांगितली, निलंग्याहून निघाल्यापासून कुठे कुठे बस थांबली तेही सांगितले. ईश्वरप्पांनी तिकडे लक्ष दिले नाही. पाठांतराला त्यांनी कधी गुण दिले नव्हते.

"शेवटचं, सर," व्यंकटी म्हणाला आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "एक वाक्य लिहा. तुमच्या मनातलं, कुठलंही."

आता कुठे एक काम त्यांच्या योग्यतेचे आले. ईश्वरप्पांनी बाह्या सारख्या केल्या, कागद किंचित तिरका केला आणि पेन टेकवले. कसलीही खाडाखोड न होता वाक्य उतरत गेले. लांब, डौलदार, मध्ये एक अर्धविराम, जो हल्ली कुणाला वापरता येत नाही, आणि शेवटी भरभक्कम पूर्णविराम. लिहिताना किती तरी दिवसांनी त्यांना हलके वाटले, जणू डोक्यातला सगळा गलका कुणीतरी दाराबाहेर नेऊन ठेवला होता. वाक्य कशाबद्दल होते, ते पुन्हा बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. ते निर्दोष होते, आणि तेवढे पुरे होते. त्यांनी कागद डॉक्टरकडे सरकवला आणि खुर्चीत मागे टेकले.

व्यंकटीने वाक्य वाचले. मग पुन्हा वाचले.

"एकही चूक नाही, सर," तो म्हणाला, पण त्याचा आवाज शाबासकी देणाऱ्या माणसाचा नव्हता.

"मोठ्याने वाच," ईश्वरप्पा म्हणाले. "हिलाही ऐकू दे."

व्यंकटीने एकदा सिद्धम्माकडे पाहिले, मग कागद थोडा उंच धरला आणि वर्गात उभे केलेल्या मुलासारखा एकेक शब्द वाचू लागला.

"पंचेचाळीस वर्षे मी यांना सांभाळले; आता यांना आपण इथेच ठेवून घ्यावे आणि मला माझ्या गावी जाऊन स्वस्थ बसू द्यावे."

सिद्धम्मा मांडीवरच्या पिशवीचे बंद धरून बसली होती. कागदाकडे तिची नजरही नव्हती, ती खिडकीबाहेर बघत होती. फक्त तिचे ओठ आवाज न करता हलत होते, आणि सुरुवातीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत ते व्यंकटीच्या एक शब्द पुढे होते.